खिडकीतला निळा कागद

५ मार्च २०१८, सोमवार. त्या दिवशी 'थ्री शटल्स' या पबची वेळ वाढवून मिळावी म्हणून नगरपालिकेच्या परवाना कचेरीत तीनशे पंधरा पौंड शुल्क भरून अर्ज दाखल झाला. अर्ज ज्या कंपनीची ही जागा, तिचा होता, पैसेही तिचेच होते, पण दारावरच्या पाटीवर नाव ट्रेव्हर ॲक्रॉइडचे होते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बाराऐवजी पहाटे तीनपर्यंत दारू विकायला परवानगी मागितली होती. ती मिळू नये एवढीच ट्रेव्हरची इच्छा होती, आणि ही गोष्ट त्याला बायकोखेरीज कोणापाशीही बोलता येत नव्हती.

ट्रेव्हर तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. जन्म कॉल्डरफर्डचाच. वडील गालिच्यांच्या गिरणीत रंगारी, आणि तो स्वतः त्याच गिरणीत माल रवाना करणाऱ्या खात्यात कारकून. १९८९ साली गिरणी बंद पडली. हातात आलेल्या रकमेतून पुढच्या वर्षी त्याने आणि मार्लीनने मिलगेट रस्त्यावरचा हा पब कंपनीकडून भाड्याने घेतला. खाली पब, वर दोन खोल्यांचे घर. त्याला आता अठ्ठावीस वर्षे होत आली होती.

गिरणी सुटली तरी तिथली एक सवय ट्रेव्हरने सोडली नव्हती. जे घडले ते त्याच दिवशी वहीत लिहायचे. कोणाला दारू नाकारली, कोणाला बाहेर काढले, पोलिसांना किती वाजता फोन केला, ते किती वाजता आले. अशी वही सगळ्याच पबांना ठेवावी लागते. पण मिलगेटवरच्या बहुतेक वह्या कोऱ्या करकरीत असत. कारण साधे होते. पोलिसांना फोन केला की तो तुमच्या नावावर चढतो, आणि पुढे परवान्याचा प्रश्न निघाला की तेच फोन मोजून तुमच्यापुढे ठेवले जातात. म्हणून कोणाचे नाक फुटले तरी लोक बर्फाचा रुमाल देऊन आपापसात मिटवत.

शेजारच्या बारचा मालक ट्रेव्हरला भेटेल तेव्हा चिडवायचा.

"काय ट्रेव्ह, काल काय लिहिलंस वहीत? कुणी शिंकलं का?"

"शिंकलं नाही, ओकलं. तुझंच गिऱ्हाईक, माझ्या पायरीवर. बारा वाजून पन्नास मिनिटं."

"आणि रंग?"

"तोही लिहिलाय. तुझ्याकडचं निळं कॉकटेल होतं."

मार्लीनची दोन्ही मूत्रपिंडे दोन वर्षांपूर्वी थकली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिस लागे. इस्पितळ अकरा मैलांवर. साडेसहाला तिथे पोचायचे, हातात दोन सुया टोचून घ्यायच्या आणि अकरापर्यंत यंत्राशेजारी पडून राहायचे. ट्रेव्हर सव्वापाचला उठून तिला गाडीने नेई आणि परत आणी. एकदा गाडी बिघडली होती तेव्हा तीन आठवडे इस्पितळाच्या गाडीने जाऊन पाहिले. ती गाडी चार घरे फिरत जाई. मार्लीनला यंत्रावर कमी वेळ मिळे, आणि परत यायला तीन वाजत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचे पाय असे सुजले की चपलांचे पट्टे लागेनात.

आता शनिवारचा हिशोब बघा. शुक्रवारी रात्री बाराला विक्री बंद झाली, तर गिऱ्हाइके बाहेर काढून, ग्लास धुऊन, गल्ला मोजून, वही लिहून ट्रेव्हर एकला आडवा होई. चार तासांची झोप मिळे. तीनला बंद करायचे म्हटले तर आडवे व्हायला सव्वाचार. एक तासाची झोप घेऊन, आजारी बायकोला शेजारी बसवून, अंधारात अकरा मैल गाडी हाकायची. रात्रीच्या पाळीला माणूस ठेवता आला असता. पण खाली दंगा चालू असताना वर डोळा लागेल असा ट्रेव्हरचा स्वभाव नव्हता, आणि दारात काही झाले तर जाबही त्यालाच द्यावा लागणार होता.

मग कंपनीला हे सरळ सांगायचे ना? तिथे मार्लीन आडवी आली. पबचा करार सप्टेंबरात संपत होता.

"माझ्या मूत्रपिंडांची चर्चा त्यांच्या हापिसात नको," ती म्हणाली होती. "एकदा का आजारी बाई वर राहते म्हणून कळलं, की करार संपताना म्हणतील, तुम्ही दोघं आता विश्रांती घ्या. आणि कुठं घ्यायची ती विश्रांती? बसथांब्यावर?"

त्यामुळे फेब्रुवारीत कंपनीचा विभागाचा माणूस ऑलिव्हर प्रेंटिस आला तेव्हा ट्रेव्हरने आजाराचा विषय काढला नाही. प्रेंटिस तिशीतला, नीटनेटका, टोकदार बुटांचा. त्याच्याकडे असे चौदा पब होते आणि प्रत्येकाचा आलेख त्याच्या लॅपटॉपमध्ये होता.

"हे बघा ट्रेव्हर, मिलगेटवर चार बार तीनपर्यंत चालतात. आपण बाराला दार लावतो. म्हणजे आपलीच गिऱ्हाइकं आपण तयार करून त्यांच्याकडे पाठवतो."

"तयार केलेलीच असतात ती," ट्रेव्हर म्हणाला. "बारानंतर त्यांना आणखी काय पाजायचं?"

"तेच तर. थोडंसंच पाजायचं. भाव मात्र पूर्ण."

ट्रेव्हरला त्यातल्या त्यात एकच धीर होता, आणि त्याचे नाव होते कॉन्स्टेबल मॅल्कम सगडन. सगडन पोलिसांच्या बाजूने परवान्यांचे काम बघायचा. मिलगेटवर रात्रीची वेळ वाढवायचा अर्ज आला आणि सगडनने हरकत घेतली नाही, असे अकरा वर्षांत घडले नव्हते. मध्यरात्रीनंतर साऱ्या शहराला पोलिसांच्या दोन गाड्या. त्या एका टॅक्सीच्या रांगेतली भांडणे सोडवत असतात, तोवर दुसरीकडे कोणाच्या तरी डोक्यात बाटली बसलेली असते. सगडन हे सगळे कागदावर आणून समितीपुढे मांडत असे. पबवाले त्याला नावे ठेवत. चारचौघांत ट्रेव्हरही ठेवी. सगडन दुपारी अधूनमधून चहाला येई आणि जाताना कपाशेजारी एक पौंडाचे नाणे ठेवून जाई. परवानाधारकाकडून फुकट काही घ्यायचे नाही हा त्याचा नियम, आणि तो नियम एका बिस्किटालाही लागू होता.

अर्ज केला की त्याची सूचना फिकट निळ्या कागदावर छापून पबच्या दर्शनी भागी अठ्ठावीस दिवस लावावी लागते. त्याच अठ्ठावीस दिवसांत ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यायची. कोणीच घेतली नाही तर सुनावणीसुद्धा होत नाही, परवानगी आपोआप मिळते. कंपनीकडून आलेला निळा कागद ट्रेव्हरने ६ मार्चला सकाळी दाराजवळच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटवला. त्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला अजून बर्फाचे काळपट ढीग होते. मुदत संपत होती २ एप्रिलला.

४ एप्रिलला, बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास सगडन आला. पबमध्ये कोपऱ्यात डॉमिनो खेळणारे दोन म्हातारे सोडले तर कोणी नव्हते. टोपी काढून तो काउंटरपाशी उंच स्टुलावर बसला.

"अभिनंदन, ट्रेव्हर."

"कशाबद्दल?"

"तुला पहाटे तीनपर्यंतची वेळ मिळाली. कचेरीचं पत्र येईल दोन-चार दिवसांत."

ट्रेव्हरने पुसत असलेला ग्लास खाली ठेवला. "तू हरकत घेतली नाहीस?"

"घेतली ना. नऊ पानांची घेतली. इस्पितळातले आकडे, टॅक्सीच्या रांगेचे आकडे, तुझ्या वहीतल्या नोंदी, सगळं घालून. इस्टरच्या आधीच्या गुरुवारी तयार होती. इस्पितळाचा एक आकडा यायचा राहिला होता, म्हणून थांबलो. शुक्रवार सुट्टी. सोमवार सुट्टी. म्हटलं, कचेरी बंद, मंगळवारी सकाळी पहिलं काम हेच. नऊ वाजून चार मिनिटांनी पाठवली."

"मग?"

"मग काय. परवाना कचेरीतल्या त्या मिसेस डोबीनं फोन केला. अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस, त्यात इस्टरचा सोमवारही मोजतात. मुदत सोमवारी रात्री बाराला संपली. पोलिसातल्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी ही चूक. नवशिक्यांना मी स्वतः शिकवतो हे. पाटी लावून शिकवतो."

"नऊ तासांचा उशीर," ट्रेव्हर म्हणाला.

"नऊ तास चार मिनिटं. तू वहीत लिही हवं तर." सगडनने चहाचा घोट घेतला आणि ट्रेव्हरकडे निरखून पाहिले. "मला वाटलं होतं, निदान तुला तरी आनंद होईल."

"झालाय की."

"तोंड तर मयताला आल्यासारखं दिसतंय."

"माझं तोंडच तसं आहे. मार्लीनला विचार."

सगडनने नाणे ठेवले आणि गेला. ट्रेव्हर बराच वेळ तोच कोरडा ग्लास पुसत राहिला. डॉमिनोवाल्यांपैकी एकाने दोनदा हाक मारली, तेव्हा त्याला ऐकू आले.

संध्याकाळी प्रेंटिसचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. कोणाचीही हरकत नाही, पोलिसांचीसुद्धा. आता फक्त एक कागद राहिला आहे. निळी सूचना ६ मार्च ते २ एप्रिल असे सलग अठ्ठावीस दिवस रस्त्यावरून वाचता येईल अशी लावलेली होती, असे ट्रेव्हरने सहीनिशी लिहून द्यायचे. मजकूर ईमेलने पाठवला आहे, शुक्रवारपर्यंत सही करून परत करा.

ट्रेव्हरने कागद छापून घेतला आणि पेनाचे टोपण काढले. पण रवानगी खात्यात बारा वर्षे काढलेला माणूस गठ्ठे मोजल्याशिवाय सही करत नाही. तो पेन हातात धरूनच बाहेर फुटपाथवर गेला आणि खिडकीसमोर उभा राहिला. निळा कागद जागेवर होता. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचायला घेतला, आणि वरच्या दोन ओळी त्याला नीट वाचता येईनात. त्या खरवडल्यासारख्या पुसट झाल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा एक जुना तुकडा होता आणि त्याला पिवळ्या जाड कागदाची नखाएवढी कपची लागलेली होती.

पिवळा कागद म्हटल्यावर त्याच्या लक्षात आले. तो जिना चढून वर गेला. मार्लीन स्वयंपाकघरात बटाटे दुसऱ्यांदा उकळायला टाकत होती. पहिले पाणी ओतून दिल्याशिवाय तिला या आजारात बटाटा चालत नसे.

"गेल्या महिन्यात मदर्स डेच्या जेवणाचं पोस्टर कुठल्या खिडकीत लावलं होतंस?"

"नेहमीच्याच. का?"

"दाराजवळच्या?"

"अठ्ठावीस वर्षं तिथंच लावते. बाकीच्या खिडक्या गल्लीकडे आहेत, तिथं लावून काय समोरची भिंत वाचणार? तुझा तो निळा कागद होता खरा तिथं. मी त्याच्यावरच चिकटवलं. म्हटलं, कोण वाचतंय ते."

"किती दिवस होतं?"

"गुरुवारी दवाखान्यातून आल्यावर लावलं. रविवारी जेवण झालं, आणि सोमवारी बिअरची गाडी आली तेव्हा काढलं. ओढताना जरा चिकटलं होतं."

"पाच दिवस," ट्रेव्हर म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

"पाच तर पाच. चौसष्ट माणसं जेवली त्या पोस्टरवर. गेल्या साली एकावन्न होती."

ट्रेव्हरने हातातला कागद तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून वाचला, मग परत एकदा वाचला, आणि गॅस बारीक केला.

"म्हणजे अर्ज बाद?"

"बाद नाही. नवा कागद लावायचा, नव्याने अठ्ठावीस दिवस मोजायचे. हरकतीलाही नवे अठ्ठावीस दिवस."

"म्हणजे त्या मॅल्कमला परत संधी."

"हो."

"मग असा पडलेल्या चेहऱ्यानं का बसलायस?"

ट्रेव्हरने पेनाला टोपण लावले. "कारण मला बरं वाटतंय. जिन्यावरून येताना दोन-दोन पायऱ्या चढलो मी. खरं सांगायचं म्हटल्यावर माणसाला इतकं बरं वाटू नये. मला जर तीन वाजेपर्यंत हवं असतं, तर ही पिवळी कपची मला दिसली असती का? का मी ती नखानं काढून टाकली असती?"

मार्लीनने बटाट्यात सुरी टोचून पाहिली. "गिरणीतून बर्मिंगहॅमला एक गालिचा कमी गेला होता, आठवतं? कुणालाच कळलं नव्हतं. तू जाऊन सांगितलंस आणि तुझाच आठवड्याचा पगार कापला. मी तेव्हा किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी?"

"नऊ."

"लिहून ठेवलेलं दिसतंय. मग आता एकदा खरं बोलून फायदा झाला तर होऊ दे की. मात्र त्या टोकदार बुटाला सांगताना माझं पोस्टर म्हणून सांग. माझ्या सुजलेल्या पायांचा विषय काढू नकोस."

"आणि सप्टेंबरात करार नाही दिला त्यांनी तर?"

"तर जाऊ बसथांब्यावर. छप्पर आहे त्याला. ताटं घे."

गुरुवारी मार्लीन यंत्रावर असताना इस्पितळाच्या आवारातूनच ट्रेव्हरने प्रेंटिसला फोन केला. पोस्टर, पाच दिवस, पुसलेल्या दोन ओळी, सगळे क्रमाने सांगितले. 

"ट्रेव्हर, हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"मार्लीनला."

"त्यांच्याव्यतिरिक्त?"

"रविवारी जेवायला आलेल्या चौसष्ट जणांनी पोस्टर बघितलंय. पबच्या फेसबुकावर फोटोही आहे. मागून निळी कड दिसते त्यात."

"पण तिकडे कोण बघायला जाणार आहे? सोडून द्या ना. नुसती सही करा."

"प्रेंटिससाहेब, वाचता येत होती असं मी लिहून द्यायचं, आणि वाचता येत नव्हती. माझी सही खोट्याखाली कशी येईल? तुम्हाला हवं तर तुम्ही करा."

ते मात्र प्रेंटिसला नको होते. तो करारातल्या कलमांबद्दल काहीतरी पुटपुटला, अर्जाची वर्तमानपत्रातली जाहिरात पुन्हा द्यावी लागणार म्हणून कुरकुरला, आणि शेवटी म्हणाला, "ठीक आहे. मी कचेरीला कळवतो. पण सप्टेंबर लक्षात ठेवा." ते वाक्य ट्रेव्हरने परतीच्या वाटेवर मार्लीनला सांगितले नाही.

परवाना कचेरीने पाहणी केली, फोटो पाहिला, आणि १० एप्रिलपासून नव्याने अठ्ठावीस दिवस धरले. यावेळी मिसेस डोबी स्वतः येऊन नवा निळा कागद बघून गेली. मार्लीनने त्या खिडकीच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवले, इथे काही लावू नये.

नवी मुदत संपत होती ७ मे रोजी. तोही सोमवार, आणि तोही सार्वजनिक सुट्टीचा. हे ऐकल्यावर सगडनने काही विषाची परीक्षा घेतली नाही. १० तारखेला सकाळी आठला कचेरीचे दार उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता, आणि नऊ पानांच्या हरकतीची पोच त्याने मिसेस डोबीकडून शिक्क्यासह घेतली. तीच पोच घेऊन तो पुढे चहाला आला.

"कुणीतरी पोस्टर लावलं होतं म्हणे," तो म्हणाला.

"बायको," ट्रेव्हर म्हणाला.

"कसलं?"

"रोस्ट बीफ, यॉर्कशर पुडिंग, गोड पदार्थ. माणशी चौदा पौंड."

"तिला माझा नमस्कार सांग." त्याने नाणे कपाशेजारी ठेवले. "ट्रेव्हर, तू मला मदत म्हणून तर नाही ना केलंस हे? तसं असेल तर मला अडचण होईल."

"तुझ्यासाठी मी काय म्हणून करीन? तू माझा धंदा बुडवायला निघालायस."

सगडनचे समाधान झाले.

सुनावणी २४ मेला, गुरुवारी सकाळी साडेनऊला नगरभवनात होती. गुरुवार डायलिसिसचा. ट्रेव्हर मार्लीनला इस्पितळात सोडून, सूट घालूनच साडेआठपर्यंत तिच्यापाशी बसला, मग तसाच परत फिरला आणि नऊ वीसला नगरभवनाच्या मागच्या वाहनतळावर पोचला. दोन तासांचे एक पौंड ऐंशी पेन्स, आणि तिथले चिठ्ठीचे यंत्र फक्त नाणी घेणारे. सुटाच्या सगळ्या खिशांत मिळून एक जुनी इस्त्रीची पावती निघाली. शेजारी सगडन आपली गाडी लावत होता. त्याने काही न विचारता नाणी मोजून यंत्रात टाकली आणि निघालेली चिठ्ठी ट्रेव्हरच्या हातात दिली.

"आत गेल्यावर ओळख दाखवू नकोस," तो म्हणाला.

समितीत तीन नगरसेवक. अध्यक्षस्थानी लिंडली नावाच्या एक वयस्क बाई होत्या, पूर्वी शाळेत शिक्षिका. कंपनीच्या वकिलाने आधी आपली बाजू मांडली. पब जुना आहे, चालवणारा अनुभवी आहे, अठ्ठावीस वर्षांत परवान्यावर डाग नाही, वही तर आदर्श आहे. मग सगडन उठला. त्याने पबबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. मिलगेटवर रात्री बारा ते तीनमध्ये किती फोन येतात, गाड्या किती आहेत, इस्पितळात शनिवारी पहाटे टाके घालायला किती माणसे बसलेली असतात, एवढेच तो आकड्यांनी सांगत गेला. त्यातले बरेच आकडे ट्रेव्हरच्याच वहीतले होते. कोऱ्या वह्यांतून त्याला काय मिळणार होते?

वकिलाने ट्रेव्हरला बजावून ठेवले होते, विचारले तेवढेच बोलायचे. लिंडलीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"ॲक्रॉइड, गेल्या सहा महिन्यांत तुम्ही पोलिसांना सतरा वेळा फोन केलात. त्यातले बाराच्या आत किती?"

"चार, मॅडम."

"आणि बाकीचे तेरा?"

"बारानंतर. आमचं दार लावल्यावर. बाहेर रस्त्यावर जे चाललं होतं त्याचे."

"म्हणजे तुमची गिऱ्हाइकं नव्हती ती?"

"नाही. दुसरीकडून निघालेली."

"पोलिस यायला किती वेळ लागला?"

"सरासरी बावीस मिनिटं. एकदा एक्केचाळीस."

बाईंनी काहीतरी लिहिले. "आता मला सांगा. त्या तेरा वेळी तुमचं दार उघडं असतं, तर ती माणसं कुठे गेली असती?"

 वकील ट्रेव्हरकडे बघत होता. प्रेंटिस बुटांकडे बघत होता. प्रश्नाचे उत्तर मात्र एकच होते, आणि त्यासाठी वही उघडायचीही गरज नव्हती.

"आत आली असती, मॅडम."

समितीने आतल्या खोलीत पस्तीस मिनिटे घेतली. ट्रेव्हर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला, कारण वाहनतळाची वेळ अकरा वीसला संपत होती आणि मार्लीन अकराला मोकळी होणार होती. दहा पन्नासला तिघेही बाहेर आले. लिंडलीबाईंनी निर्णय वाचून दाखवला. पोलिसांची हरकत ग्राह्य धरली आहे. अर्ज नामंजूर. पबची वेळ आहे तीच राहील.

ट्रेव्हरचा जीव भांड्यात पडला, पण चेहरा त्याने होता तसाच ठेवला. जिन्यात प्रेंटिसने त्याला गाठले. आता बोलणी ऐकावी लागणार म्हणून ट्रेव्हर थांबला.

"सुटलो," प्रेंटिस हळूच म्हणाला.

"कोण?"

"मी. वरून सांगितलं होतं, चौदाही ठिकाणी अर्ज करा. चौदा ठिकाणी रात्री तीनला काही झालं की फोन मलाच येणार होता. आता पोलिसांचं कारण लेखी मिळालं. निदान मिलगेटचा विषय मिटला." त्याने टाय सैल केला. "तुमचं ते उत्तर मात्र फार लहान होतं, ट्रेव्हर."

"वकिलांनी लहानच द्यायला सांगितलं होतं."

प्रेंटिस हसला. त्याला हसताना ट्रेव्हर पहिल्यांदाच बघत होता.

इस्पितळात पोचायला साडेअकरा झाले. मार्लीन व्हरांड्यात कोट घालून बसली होती, हातावर पट्टी, चेहरा यंत्रावरून उठल्यावर असतो तसा पांढुरका. तिने नुसत्या भुवया उचलल्या.

"बारा," ट्रेव्हर म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि डोके मागच्या भिंतीला टेकले.  मग म्हणाली, "मला अर्धा कप चहा चालतो आज. दिवसाच्या पाण्याच्या मापातून सकाळपासून राखून ठेवलाय." दोघांनी इस्पितळाच्या उपाहारगृहात एक चहा घेतला, अर्धा अर्धा. परतीच्या वाटेवर ती झोपून गेली. ट्रेव्हरने रेडिओ बंद केला आणि गाडी डाव्या बाजूने सावकाश चालवली.

त्या शुक्रवारी रात्री बाराला त्याने नेहमीसारखी विक्री बंदची घंटा वाजवली. पावणेएकला वही लिहून पूर्ण झाली. नोंद एकच होती. बारा वाजून वीस मिनिटे, बाहेर दोघांची बाचाबाची, शेजारची गिऱ्हाइके, फोन केला, पोलिस एकोणीस मिनिटांनी आले. मग दिवे मालवून तो वर गेला. सव्वापाचला उठला तेव्हा मार्लीन आधीच कोट घालून तयार होती. सप्टेंबरात कंपनीने करार तीन वर्षांनी वाढवून दिला. कागदावर प्रेंटिसची सही होती.

वाहनतळाचे पैसे ट्रेव्हरने सगडनला द्यायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा चहाच्या कपाशेजारी मोजून ठेवले, एकदा पाकिटात घालून दिले. दोन्ही वेळा सगडनने ते परत सरकवले. ज्याच्या अर्जाला आपण हरकत घेतली त्या परवानाधारकाकडून पैसे घेताना कोणी पाहिले तर काय लिहून द्यायचे, असे त्याचे म्हणणे. आपल्या चहाचा पौंड मात्र तो अजूनही न चुकता ठेवतो.

ते एक पौंड ऐंशी पेन्स सगडनला ट्रेव्हरकडून अजून येणे आहेत.